पाचशे सह्या नकोत, त्याच्या तारखा गोळा करा

नवी पेठेतल्या एका दुकानदार दादांनी मोठं पत्र पाठवलंय, आधी ते थोडक्यात सांगते. त्यांच्या शेजारच्या गाळ्यात लहान मुलांच्या रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे. चालवणारा माणूस सिंधमधला हिंदू, २०१२ साली थार एक्सप्रेसने जोधपूरला आला, तिथनं उल्हासनगरला नातेवाइकांकडे आणि वर्षभरात सोलापूरला. बायको बरोबरच आलेली, मुलगा इथेच २०१६ ला झाला. एलटीव्हीवर, म्हणजे लाँग टर्म व्हिसावर राहतात. पाकिस्तानी पासपोर्टची मुदत संपली म्हणून आता काय उपयोग असं समजून त्याने एलटीव्ही वाढवायचा अर्जच केला नाही, आणि तीन महिन्यांपूर्वी एलटीव्हीपण संपला. बँकेने खातं थांबवलं, गाळामालक म्हणतो खाली करा, दुकान आठवड्यातनं तीन दिवस बंद. पेठेतले पंधरावीस दुकानदार मदतीला तयार आहेत. पाचशे सह्या घेऊन कलेक्टर साहेबांना भेटू, पैसे लागले तर भिशीतनं काढू, मॅडम अजून काय करू, असं विचारलंय.

दादा, मी सोलापुरात वकिली करते आणि गेली बावीस वर्षं परदेशी नागरिकांच्या कागदांचं काम करत आलेय, त्यामुळे तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. बहुतेक वेळा माझ्याकडे माणूस एकटा येतो, रात्री आठनंतर, तोंड लपवून. पण सह्यांचं आधी थांबवा. मी पण नवीन असताना हे केलंय. एका टॉवेलच्या कारखान्यातल्या माणसासाठी दोनशे सह्यांचं निवेदन घेऊन गेले होते, एकदम जोरात. साहेबांनी शांतपणे पानं उलटली आणि विचारलं, यातल्या किती जणांनी या माणसाला सोलापुरात कुठल्या सालापासून बघितलंय ते सांगता येईल का. मला एकाचंही सांगता येईना. सह्या करणाऱ्यांपैकी निम्म्यांना तर माणूस कोण तेच माहीत नव्हतं, कुणीतरी पॅड पुढे केलं, यांनी सही ठोकली. माणूस चांगला आहे याबद्दल ऑफिसात कुणाला शंका नसते हो. फाइलीत प्रश्न असतो तो कधी आला, कुठून आला, कुठे राहिला, आणि हे दाखवणारा तारीख असलेला कागद कुठाय. तुमच्या पेठेने तेवढं काम घेतलं तरी पुष्कळ झालं.

आता आधी भीती काढू, कारण घरात बसलेल्या माणसाकडनं कागद निघत नाहीत. एप्रिल २०२५ ला पहलगाम झालं आणि पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द, मेडिकलवाल्यांना २९ पर्यंत मुदत, अशी बातमी आली तेव्हा माझा फोन दोन दिवस थांबला नाही. पण पाकिस्तानातून आलेल्या हिंदूंचे एलटीव्ही त्यातनं वगळले होते, हे तेव्हाच सरकारने सांगितलं होतं. ते अर्धं कुणी ऐकलंच नाही. दुसरं, १ सप्टेंबर २०२५ पासून जुना १९४६ चा परकीय नागरिक कायदा गेला आणि नवीन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट लागू झाला. त्यात मुदत संपून राहिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे फिरतंय ते तेच. पण त्याच दिवशी सूट देणारा आदेशपण निघालाय. अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तानातले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन, धर्माच्या छळामुळे किंवा त्या भीतीने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भारतात आलेले, त्यांच्याकडे कागद नसले किंवा कागदांची मुदत संपलेली असली तरी त्यांना पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून सूट आहे. तुमचा शेजारी २०१२ चा आहे. म्हणजे उद्या सकाळी कुणी दारात गाडी लावून घेऊन जाईल ही जी धास्ती आहे ती त्याने सोडावी. मात्र सूट मिळाली म्हणजे नागरिकत्व मिळालं असं बिलकुल नाही, आणि सूट आहे मग एलटीव्ही कशाला वाढवायचा असं तर अजिबात नाही. बँक, गाळा, आधार, सगळं एलटीव्हीवर लटकलंय.

म्हणून पहिलं काम एलटीव्हीचा अर्ज. तो ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी ऑफिसच्या, साइटवर ऑनलाइन होतो, घरी बसून, अर्ज भरायला कुठे जावं लागत नाही. पुण्यातला कुणी एजंट चाळीस हजार मागतोय असं तुम्ही लिहिलंय, त्याला चहा पाजून परत पाठवा. उशीर का झाला ते खरं खरं लिहायचं, पासपोर्ट संपला म्हणून गैरसमज झाला, बस. आजारपणाचं खोटं सर्टिफिकेट जोडायची आयडिया तुमच्यापैकी कुणाला तरी सुचणारच, म्हणून आधीच सांगते, नको. आपल्याकडे सोलापूर शहरात पोलीस आयुक्तालय आहे, परदेशी नागरिकांची नोंद बघणारी शाखा तिथेच. जिल्ह्यातला माणूस असेल तर ग्रामीणचं एसपी ऑफिस. अर्ज भरला की पोचपावतीची प्रिंट काढून स्वतः जाऊन भेटायचं, लपायचं नाही. आणि जाताना तुमच्यापैकी एकानेच बरोबर जायचं. पंधरा जण गेले की ते शिष्टमंडळ होतं, मग साहेबपण भाषण करतात आणि काम तिथेच राहतं.

इथे एक गोष्ट पेठवाल्यांनीच करण्यासारखी आहे. एलटीव्हीला भारतीय नागरिकाचा जामीन लागतो, इंडेम्निटी बाँड म्हणतात त्याला. याचा आधीचा जामीनदार उल्हासनगरचा मामा असणार, आणि मामा बहुतेक म्हातारा झाला असेल नाहीतर बोलणं बंद असेल, माझ्या बघण्यात दहातल्या सहा केसेसमध्ये असंच असतं. तर तुमच्यातला एक जण जामीनदार व्हा. पण उगं भावनेत येऊन नाही. बाँड पूर्ण वाचा, घरी बायकोला सांगा, मग सही करा. पोलिसांच्या गोपनीय शाखेचे लोक चौकशीला आले की तुमच्याकडेही येणार आहेत, तेव्हा आमचा काय संबंध नाही म्हणून हात झटकलेत तर त्या माणसाचं झालेलं काम बिघडतं. माझ्या एका केसमध्ये जामीनदाराचा भाऊच दारात म्हणाला, कोण तो, आम्ही ओळखत नाही. चार महिने गेले ते निस्तरायला.

आता मोठं काम, नागरिकत्व. २०१९ चा सीएए, म्हणजे नागरिकत्व सुधारणा कायदा, त्याचे नियम ११ मार्च २०२४ ला आले. ३१ डिसेंबर २०१४ किंवा त्याआधी आलेला असेल तर हा रस्ता खुला आहे, आणि एरवी अकरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं ते यात पाचवर आणलंय. तुम्ही कलेक्टर साहेबांना भेटायचं म्हणताय, पण सीएएचा अर्ज त्यांच्याकडे जातच नाही. २०१६ साली काही कलेक्टरांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले होते, त्यात महाराष्ट्रातले मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर होते, सोलापूर नव्हतं. सीएएमध्ये जिल्हा समितीचा प्रमुख पोस्टाचा अधीक्षक किंवा वरिष्ठ अधीक्षक. हसू नका, खरंच पोस्टाचा. समितीला निमंत्रित म्हणून कलेक्टर ऑफिसचा नायब तहसीलदार किंवा त्यावरचा प्रतिनिधी आणि रेल्वेचे स्टेशन मास्तर असतात. त्यांनी कागद तपासले, शपथ दिली, की फाइल वर राज्याच्या समितीकडे, तिचे प्रमुख जनगणना संचालक. अर्ज ऑनलाइन. नवरा-बायकोचा अर्ज वेगवेगळा.

यात दोन गोष्टी सिद्ध करायच्या, मूळचा पाकिस्तानचा आहे आणि २०१४ संपायच्या आत आलाय. मूळ दाखवायला पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेचा दाखला, तिथलं ओळखपत्र, असं काही एक. आणि ज्या कारणाने हा माणूस घरी बसला ते कारणच इथे लागू नाही, मुदत संपलेला पासपोर्टपण पुरावा म्हणून चालतो, नियमातच तसं लिहिलंय. हे मी त्याला फोनवर सांगितलं तर अर्धा मिनिट काहीच बोलला नाही, मग म्हणाला, मी तर तो जुन्या सामानात टाकलाय. शोधा म्हटलं आधी.

आल्याची तारीख दाखवायला वीसेक प्रकारचे कागद चालतात आणि इथेच पंधरा दुकानदारांचं खरं काम आहे. व्हिसा आणि मुनाबावचा, म्हणजे थार एक्सप्रेसच्या सीमेवरच्या स्टेशनचा, शिक्का असला तर उत्तम, प्रश्नच मिटला. शिक्क्याचं पान पावसात भिजलं असेल, शाई गेली असेल, तर मग दुसरे. परदेशी नागरिक म्हणून झालेल्या नोंदीचा कागद, नोंदवलेला भाडेकरार, लाइट बिल, पोस्टाचं किंवा बँकेचं खातं, विम्याची पॉलिसी, पॅन कार्डावरची तारीख, महापालिकेचा परवाना, शाळेचा दाखला, मॅरेज सर्टिफिकेट. याने दुकान २०१७ ला टाकलं म्हणताय, मग दुकानाचा कागद उपयोगाचा नाही, तो २०१४ नंतरचा झाला. त्याआधी तो काय करायचा? तुम्हीच लिहिलंय, चाटी गल्लीत एका होलसेलवाल्याकडे कामाला होता. मग त्या शेठजींच्या माळ्यावर चढा. दिवाळीतल्या वहीपूजनाचा फोटो, उधारीची वही, ट्रान्सपोर्टच्या पावतीवर माल उतरवून घेतल्याची त्याची सही, हे सगळं काढा. ही वही यादीतला पुरावा नाही हे मी आधीच सांगते, नाहीतर उद्या दोन पोती वह्या घेऊन याल. पण वहीतनं आठवण निघते. कुठल्या महिन्यात तो तापाने आजारी होता, कुठल्या दवाखान्यात नेलं, कुठल्या वाड्यात भाड्याने राहत होता, वाड्याचं लाइट बिल कुणाच्या नावावर, शेठजींनी त्याला पोस्टात आरडी काढून दिली होती का. अशाच एका वहीतल्या "पोस्ट १००" या नोंदीवरनं मला एकाचं २०१३ चं पोस्टाचं पासबुक सापडलं होतं, त्याला स्वतःलाच आठवत नव्हतं. तीस वर्षं याच बाजारात धंदा करणाऱ्यांना जे आठवतं ते वकिलाला कुठनं माहीत असणार.

नगरसेवकाचं पत्र आणतो असं पण लिहिलंय. यादीत स्थानिक संस्थेच्या निवडून आलेल्या सदस्याचा दाखला आहे खरा. पण माजी नगरसेवक म्हणजे निवडून आलेला सदस्य असं मी तरी धरणार नाही. त्याच ओळीत महसूल अधिकाऱ्याचापण दाखला चालतो, त्याच्या मागे लागा.

शिवाय दोन कागद असे आहेत की ते माणसांनीच द्यायचे असतात. एक, भारतीय नागरिकाचं प्रतिज्ञापत्र, की मी याला ओळखतो, याचं चारित्र्य चांगलं आहे. ते तुम्ही द्या, दादा, तुम्हीच, सगळ्यात जुने शेजारी आहात. किती सालापासून ओळखता ते खरं लिहा, २०१७ तर २०१७, उगं मागे ढकलू नका. दुसरा कागद स्थानिक समाजसंस्थेचा, की हा माणूस हिंदू समाजातला आहे आणि आजही आहे. यासाठी व्यापारी असोसिएशनचं लेटरहेड नको, सिंधी पंचायत किंवा मंदिराचा ट्रस्ट बरा. पंचायतीत याचं येणंजाणं नसेल तर आत्तापासून सुरू करू दे. गावात असून चेटीचंडला, सिंधी नववर्षाला, दिसला नाही असा माणूस एकदम दाखला मागायला आला की अध्यक्षांना पण अवघडल्यासारखं होतं.

नावांचं एक लफडं असतंच. पासपोर्टवर नाव उर्दूतनं इंग्रजीत आलेलं, इथे आधारवर ते आपल्या पद्धतीने, शाळेत मुलाच्या दाखल्यावर वडिलांचं नाव तिसरंच, आणि लाइट बिलावर आडनावाच्या जागी आजोबांचं नाव. अर्ज भरायच्या आधी सगळे कागद टेबलावर मांडून स्पेलिंग बघा आणि फरक असेल तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. हे काम तुमच्यातल्या कुणाच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला द्या, आपल्याला त्या बारीक गोष्टी दिसत नाहीत.

आणि मुलगा इथे जन्मला म्हणून भारतीय, हे तुम्ही गृहीत धरलंय, ते चूक आहे. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलाचे आईवडील दोघेही परदेशी असतील तर नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. आईवडिलांचं झालं की मग त्याची नोंदणी करून घ्यायची, तोवर त्याचापण एलटीव्ही चालू पाहिजे. शाळेत कुणी काही विचारलं तर मुलासमोर बोलू नका, एवढं बघा.

आता जे करू नका म्हणते ते जरा रागाने सांगते, कारण मी पोळलेय. सात-आठ वर्षांपूर्वी अशाच एका प्रेमळ गल्लीने आपल्या माणसासाठी ओळखीतनं मतदान कार्ड काढून दिलं. काढणाऱ्याचं मन चांगलंच होतं, एक कार्ड झालं की माणूस आपला झाला, असं त्याला वाटलं. नागरिक नसलेल्या माणसाने मतदार यादीत नाव घालायचं म्हणजे खोटं डिक्लेरेशन झालं. सरळ चाललेली फाइल त्या एका कार्डाने अशी काही अडकली की माणूस शेवटी सोलापूर सोडून गेला, आणि कार्ड काढून देणारा नंतर रस्त्यात मला बघून फुटपाथ बदलायचा. आत्ताच्या कायद्यात बनावट कागदाला दोन ते सात वर्षं कैद आहे आणि दंड एक लाखापासून दहा लाखांपर्यंत. आधार वेगळं, ते एलटीव्हीवाल्याला नियमाने मिळतं आणि ते नागरिकत्वाचा पुरावा नसतंच. पण मतदान कार्ड, जुन्या तारखेचा भाडेकरार, मागच्या सालातला जन्मदाखला, असलं काही कुणी देतो म्हणाला तर त्याला पेठेत पाऊल ठेवू देऊ नका.

दुकानाचं बघू. एलटीव्हीवर स्वतःचा धंदा करायला परवानगी आहे, राहायला एक आणि धंद्याला एक अशी जागा विकत घ्यायलासुद्धा आहे, तर भाड्याचा गाळा ही काही चोरी नाही. गाळामालकांना मी स्वतः बोलेन, त्यांचा नंबर द्या. त्यांना भीती एवढीच आहे की आपण अडकू. परदेशी नागरिक आपल्या जागेत आहे याची माहिती पोलिसांना दिलेली असली आणि करार नोंदवलेला असला की त्यांच्या मागे काही लागत नाही. माझा अंदाज आहे की करार अकरा महिन्यांचा, साध्या कागदावर, आणि तोही दोन वर्षांपूर्वी संपलेला. तो आत्ता आजच्या तारखेने नीट नोंदवून घ्या.

बँकेचं असं आहे की एलटीव्हीवाल्याचं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या खात्याच्या प्रकारचं असतं आणि व्हिसाची तारीख गेली की बँकेची सिस्टीम थांबवते, मॅनेजरशी भांडून उपयोग नाही. अर्जाची पोचपावती लेखी पत्रासोबत द्या, पोच घ्या, दर आठवड्याला एक जण जाऊन विचारा. पण तोवर त्याच्या गल्ल्यावर तुमचा क्यूआर कोड लावायचा जो उपाय तुम्ही काढलाय, तो आजच काढून टाका. त्याची विक्री तुमच्या खात्यात जमा होतेय, उद्या जीएसटीवाले तुम्हाला विचारतील हा माल कुठे घेतला, तेव्हा काय दाखवणार? आणि त्याच्या धंद्याचा पुरावाच पुसला जातोय. रोखीने विकू द्या, बिल फाडू द्या, वही लिहू द्या. भिशीतनं मदत करायची तर करा, पण उसने वीस हजार किंवा त्याच्या वर असतील तर रोखीत देऊ नका, इन्कम टॅक्सला ते चालत नाही, आणि खातं बंद असेपर्यंत सरळ गाळ्याचं भाडं तुम्ही मालकाला चेकने द्या, तुमच्यात आणि त्याच्यात एक साधा लेखी कागद ठेवा. दान करायचं असेल तर दान म्हणा, उसने असतील तर उसने. अर्धवट ठेवलं की दोन वर्षांनी पेठेत तोंड बघत नाहीत एकमेकांचं, मी बघितलंय.

माल आणायला तो दर तीन महिन्यांनी सुरतला जायचा असं लिहिलंय. दादा, हे मला वाचूनच धस्स झालं. एलटीव्हीवाल्याला राज्यात फिरायची मोकळीक आहे, राज्याबाहेर जायचं तर आधी परवानगी. सुरत गुजरातेत. आपल्याला सोलापुरात बसून हे ध्यानात येत नाही, कारण विजापूर, गुलबर्गा आपल्याला घरासारखं, हैदराबादला तर लोक लग्नाच्या खरेदीला जाऊन संध्याकाळी परत येतात. त्याच्यासाठी तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर चालेल, विजापूर नाही. पासपोर्ट नवा करायला दिल्लीला जातो म्हणेल तर तेही परवानगीशिवाय नाही. सुरतेची खरेदी यंदा तुमच्यापैकी जो जातोय त्याने करावी, बिल मात्र याच्या दुकानाच्या नावाने घ्यावं. मागच्या फेऱ्यांबद्दल कुणी विचारलं तर खोटं बोलू नये, आपणहून ढोल वाजवायचीही गरज नाही, आधी मला येऊन सांगा.

सोलापूरच्या पूर्व भागातले, पद्मशाली विणकर समाजातले एक आजोबा मला एकदा म्हणाले होते, आमचे पणजोबा हातमाग घेऊन चालत आले तेव्हा कुणी कागद विचारला नाही, विचारलं एवढंच की लुगडं विणता येतं का. आता विचारतात.

शेवटी गड्ड्याचं. दरवर्षी सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर तो कपड्यांचा स्टॉल लावतो, पुढच्या महिन्यात गड्डा आलाय, तर यंदा स्टॉल तुमच्या नावावर घेऊन तो चालवू दे का, असं विचारलंय. नको. नाव तुमचं, पैसा आणि माल त्याचा, बसणार तो, हा सगळा प्रकार कुणी बारकाईने विचारलं तर सांगायला लाज वाटेल असा आहे. त्यापेक्षा त्याच्याकडचा हिवाळी माल तुम्ही रीतसर बिलाने विकत घ्या, स्टॉल तुमचा, विक्री तुमची, नफा-तोटा तुमचा. त्याचा माल मोकळा होईल, हातात पैसा येईल, बिल त्याच्या वहीत लागेल. तो आणि बायको-मुलगा नंदीध्वज बघायला येऊ देत की, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि येत्या सोमवारी संध्याकाळी सहानंतर तो जुना पासपोर्ट, एलटीव्हीचे सगळे कागद आणि चाटी गल्लीतल्या शेठजींना घेऊन माझ्याकडे या, तुम्ही तिघंच.